सान्याल माशिमांचं पान

डबा लावायला आलात ना? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. या बाकावर बसा. पण आधीच सांगते, माझी चूल सध्या बंद आहे. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं पाठवलं असेल तुम्हाला, त्याला अजून माहीत नाही. आता आलाच आहात तर वीज येईपर्यंत थांबा. कोपऱ्यावर नगरपालिकेनं गटाराचं झाकण काढून ठेवलंय, त्याला वर्ष झालं. अंधारात पाय आत गेला तर दोनदा अंघोळ करूनही वास जायचा नाही. हा दिवा इकडे सरकवते.

चूल का बंद, म्हणताय. सांगते. जेवून आला असाल तर आधी घोटभर पाणी प्या, कारण गोष्ट भीतीची आहे त्याहून जास्त किळसवाणी आहे. मला तर भीतीच्या आधी किळसच येते. स्वभाव आहे, काय करणार.

मी बासबी चक्रवर्ती. तागाची गिरणी बंद पडली आणि आमचे हे, फटिकबाबू, घरी बसले. दिवसभर नुसते पंख्याकडे बघायचे. म्हटलं, पंख्याकडे बघून पोट भरत नाही. बामणाच्या हातचं गरम जेवण आहे, लोक घेतील. मी रांधायला लागले आणि हे सायकलवरून डबे पोचवायला लागले. आमचं नोआपुकुर म्हणजे लोकांचं रात्री झोपायचं गाव. सकाळच्या गाड्या भरून कोलकात्याला, शियालदा स्टेशनाकडे गेल्या की मागे उरतात म्हातारी माणसं, आया, कुत्री आणि कावळे. त्या म्हाताऱ्यांची पोरांना काळजी असते. काळजी म्हणजे काय, महिन्याचा डबा लावायचा आणि मोकळं व्हायचं.

चेहऱ्यावरून माणूस कळतो म्हणतात. मी म्हणते, उष्ट्या डब्यावरून कळतो. घासून परत द्या, असं शंभरदा सांगितलं तरी कुणी घासत नाही. बँकेतले एक साहेब रिकाम्या पुडात नखं कापून टाकतात. एक मास्तर डाळीच्या वाटीत पानाची पिंक टाकतात, आणि रस्त्यात भेटले की स्वच्छतेवर बोलतात. मी नाकाला पदर लावून डबे राखेनं घासते आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करते. तर अशी माझी माणसांची ओळख.

सान्याल माशिमांचा, म्हणजे सान्याल मावशींचा, डबा मात्र कायम घासूनपुसून यायचा. तळ्याकाठचं ते पिवळं घर त्यांचं. तळं नावालाच, वर जलपर्णी, खाली गाळ, कडेला विसर्जन केलेल्या मूर्तींचे पेंढ्याचे सांगाडे, आणि सगळ्या गल्लीचा कचरा. शिट्टी वाजवत कचऱ्याची गाडी येते तरी लोक पिशव्या तळ्यातच फेकतात. दुपारी ऊन तापलं की त्या पाण्याची वाफ घरात शिरायची. तशा वासात ती बाई पांढरं पातळ नेसून, गळ्यात तुळशीची माळ घालून, एकटी बसलेली असायची. तिचा मुलगा निशीथ आणि सून तृणा, दोघं कोलकात्यात नोकरीला. सकाळी जायचे, रात्री यायचे.

त्या घरी दोन डबे जायचे. एक माशिमांचा: विधवेचं जेवण, कांदा नाही, लसूण नाही, मसूर नाही, मासळीचं तर नावच नको. त्यासाठी माझी भांडी वेगळी, चूल वेगळी. दुसरा डबा त्या दोघांचा रात्रीचा, त्यात मासे. दोन्ही डबे दुपारीच पोचायचे. म्हणजे बघा, दुपारपासून रात्रीपर्यंत ती म्हातारी आणि माशांचा डबा, दोघंच त्या घरात समोरासमोर. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं.

एकदा यांना ताप होता म्हणून मी स्वतः गेले होते. पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले, तर माशिमा दुसऱ्या डब्याचं झाकण उघडून त्यावर वाकलेल्या. इलिश माशाचं मोहरीतलं कालवण होतं. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार खाली लोंबत होती. मला मेलं शिसारीच आली. आणि पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की विचारू नका.

"वास घेतला तर पाप लागतं का गं?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"वासानं अर्धं जेवण होतं म्हणतात, माशिमा. लागलं तर अर्धंच पाप लागेल."

त्या हसल्या. मग झाकण लावून, पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "निशीथ पोटात होता, सातवा लागला होता. डोहाळजेवणासाठी रोहूचं डोकं आणलं होतं घरात. त्याच दिवशी हे गेले. सासूनं माझ्यासमोर ते डोकं उचलून तळ्यात टाकलं. तोंडाला पाणी सुटलेलं होतं गं माझ्या. नवरा दारात पडलाय आणि माझ्या तोंडाला पाणी. तेच पाणी अजून गिळतेय."

मी पिशवी उचलली आणि निघाले.

त्या गेल्या भाद्रपदात, इलिशच्या मोसमात. बसल्या जागी, दुपारच्याच. सुतक फिटलं, श्राद्ध झालं आणि मत्स्यमुखाचा दिवस आला. त्या दिवशी घरचे पुन्हा मासे खायला लागतात, आणि गेलेल्या माणसासाठी एक पान वाढून बाहेर ठेवतात. रांधायला मीच होते. मी माशिमांचं पान निरामिष वाढलं, भात, शुक्तोची कडसर भाजी, खीर. तर निशीथ डोळे पुसत आला आणि इलिशची पेटीची, म्हणजे पोटाकडची, तुकडी स्वतःच्या हातानं पानावर ठेवली.

"असं करू नको रे," मी म्हटलं. "विधवेच्या पानाला मासळी लावत नाहीत."

"जिवंत होती तोवर दिली नाही, काकीमा. आता तरी खाऊ दे. आता कसली विधवा, आता तर बाबांकडेच गेली."

पुरोहित दक्षिणा मोजत होता. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोराच्या मायेपुढे मी तरी किती बोलणार. पान तळ्याकाठी ठेवून आम्ही आत आलो. थोड्या वेळानं बघतो तर काय. भात जिथल्या तिथे, शुक्तो जिथल्या तिथे, फक्त मासा गायब. निशीथला हुंदका फुटला. "आई तृप्त झाली," म्हणाला. सगळ्यांनी हात जोडले.

मी पान उचलायला गेले. कावळा मासा उचलून नेतो, सांडतो, चोच मारतो. इथे पानाच्या कडेला इलिशचे केसासारखे बारीक काटे एका बाजूला टोकं करून ओळीनं लावलेले होते. चोखून पांढरे झालेले. आणि ओले. मी ते पान दोन बोटांनी धरून तळ्यात भिरकावलं आणि तिथेच ओकले. कुणाला काही बोलले नाही. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

पुढे कळलं, तृणाला दिवस गेलेत. गाडीचे धक्के नकोत म्हणून डॉक्टरांनी तिची नोकरी बंद करवली. आता दिवसभर त्या घरात ती एकटी. रांधायचा वास सोसत नाही म्हणून दुपारचा डबा माझ्याकडूनच. मी हौसेनं पाठवायचे. पोटुशी पोर, आई नाही बिचारीला. ताजी मासळी, मऊ भात, पातळ डाळ.

डबे परत यायला लागले आणि माझं डोकं फिरलं. भात जेमतेम दोन घास मोडलेला. डाळीवर साय धरलेली. मासा तेवढा संपलेला, आणि काटे झाकणाच्या कडेला ओळीनं. हात लावला की बुळबुळीत लागायचे, थुंकीनं. मला वाटलं, सासूचं बघून शिकली असेल. मग मनात आलं, सासूला मासे खाताना हिनं कधी बघितलं? मी तो विचार राखेबरोबर घासून टाकला.

माघ संपता संपता एका रविवारी निशीथ माझ्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली.

"काकीमा, तृणाचं वजन उतरतंय. बाळ वाढत नाही पोटात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर... हाती लागणार नाही."

"नुसते मासे खाल्ल्यावर काय होणार? भात धड खात नाही तुझी बायको. तिला समजाव जरा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मासे? तिला मासळीचा वाससुद्धा सहन होत नाही. पहिल्या महिन्यापासून. ती तर भातच खाते म्हणाली..."

"मग माझे मासे कोण गिळतंय?"

"मांजर असेल," तो म्हणाला.

मांजर काटे मांडून ठेवत नाही, हे त्याला कशाला सांगू? त्यानं डोहाळजेवणाचा विषय काढला. आईचं वर्षश्राद्ध झालेलं नाही, म्हणून बायका बोलवायच्या नाहीत, शंख वाजवायचा नाही, गाजावाजा काही नाही. तुम्हीच सगळं रांधून डब्यातून पाठवा, म्हणाला. डोहाळजेवण डब्यातून! ऐकूनच माझं तोंड कडू झालं. काय दिवस आलेत, उद्या पिंडही डब्यातून पाठवतील. म्हटलं, पाठवणार नाही. मी स्वतः येईन आणि माझ्या हातानं भरवीन पोरीला. तिच्या पोटात अन्न गेलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

फाल्गुनातली दुपार होती. आमच्याकडे पोरांना सांगतात, ऐन दुपारी भूत खडे मारतं. रात्रीला लोक घाबरतात ते उगाच. रात्री या गावात माणसं असतात, टीव्ही चालू असतो, कुणीतरी खोकत असतं. दुपारी काही नसतं. बॅटरीची रिक्षा मला सोडून गेली आणि तिचा आवाज मिटला, तेव्हा स्टेशनावरचा भोंगा इतका स्पष्ट ऐकू आला की जणू शेजारीच कुणी बोलतंय. कुठली तरी गाडी उशिरा धावतेय म्हणत होता. तळ्यात काहीतरी फुगून वर आलं होतं, त्यावर माशा घोंगावत होत्या. मी नाकाला पदर लावला आणि कडी वाजवली.

तृणानं दार उघडलं. गालाची हाडं वर आलेली, गळ्याला पाणी साठेल इतका खोल खळगा. सातव्यात असून पोट पाचव्याचं दिसत होतं.

"या काकीमा," ती हळूच म्हणाली. "आवाज नका करू."

"का गं? कोण झोपलंय?"

ती बाजूला सरली. घरात कापराचा वास होता, ओल्या पातळाचा वास होता, आणि त्याखाली गाळाचा. खिडक्या उघड्या असूनही. मी चटई अंथरली, तिला पूर्वेला तोंड करून बसवलं, दिवा लावला. काशाच्या थाळीत सगळं मांडलं: पाच तळणं, भात, डाळ, चटणी, खीर, आणि मधोमध रोहूचं डोकं. प्रथा आहे, ते लागतंच.

"मासा नको, काकीमा. मासा तिथे... उंबऱ्यावर ठेवा आधी."

"उंबऱ्यावर कशाला?"

ती माझ्या कानाशी आली. श्वासाला उपाशी माणसाच्या तोंडाचा वास येत होता. "मला वास सोसायचा नाही, म्हणून पहिल्यांदा बाजूला काढून ठेवायचे. संपलेला असायचा. बरं वाटायचं, टाकावा लागत नाही म्हणून. मग रोज... मग भात खाल्ला तरी... काकीमा, मी खाल्लेलं मला पोचत नाही. घास खाली जातो, मला कळतो, पण माझ्यात जात नाही."

"निशीथला सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची आई... " ती थांबली. "ते रडतात आईच्या नावानं."

माझं डोकं तापलं. भीती वाटायला हवी होती, पण भुकेलेलं गरोदर पोर समोर असलं की मला दुसरं काही सुचत नाही. म्हटलं, उंबऱ्यावर काही जाणार नाही. थाळी तुझी आहे, तूच खायचीस. मी डोक्यातला मऊ भाग काढला, बोटांनी चाचपून एकेक काटा बाजूला केला, भातात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला. तिनं गिळला. दुसरा घातला. तिसऱ्या घासाला तिचं चावणं बदललं.

चांगले बत्तीस दात आहेत त्या पोरीला. पण आता तिचे ओठ आत ओढले गेले, गाल आत गेले, आणि दात पडलेल्या माशिमा नुसत्या हिरड्यांवर घोळवायच्या तसा तो घास ती तोंडात घोळवायला लागली. जीभ गालाच्या आतून फिरताना दिसत होती, शोधत होती. मग तिनं ओठ पुढे काढले आणि एक काटा बाहेर ढकलला. चिमटीनं काढून थाळीच्या कडेला ठेवला. मग दुसरा. मग आणखी. लांब, बारीक, केसासारखे.

मी आयुष्य मासळीत काढलंय. रोहूच्या डोक्यात तसले काटे नसतात. ते इलिशचे होते, आणि फाल्गुनात कुठला आलाय इलिश? ते येतच राहिले. लाळेत भिजलेले, गाळाचा वास येणारे, एकावर एक. तृणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड मात्र मिटक्या मारत होतं.

"माशिमा," मी म्हटलं. "लाज नाही वाटत? नातवंडाच्या तोंडचा घास काढताय."

मिटक्या थांबल्या. बाहेर तळ्यात काहीतरी बुडबुडलं.

"तुमच्यावर अन्याय झाला, कबूल. तुमच्या सासूनं केला, तुमच्या पोरानं केला, गावानं केला. या पोरीनं काय केलं? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुमची तर मेल्यावर लागली." मग माझा धीर सुटत चालला तसा मी आवाज मऊ केला. "हिला सोडा. हिच्या तोंडाला पुन्हा तोंड लावू नका. मी वाढते तुम्हाला. माझ्या घरी, मागच्या ओट्यावर... रोज दुपारी, ताजी मासळी. मी जिवंत आहे तोवर. पण हिला जेवू द्या."

मग दाराच्या उंबऱ्याकडून ढेकर आली. चांगली भरल्या पोटाची, लांब, ओली ढेकर. तिचा वास खोलीभर पसरला, आणि तृणाचा जबडा सैल पडला.

"काकीमा," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

तिनं अख्खी थाळी संपवली. मासा सोडून सगळं. खीर तर वाटी चाटून खाल्ली. मी थाळीतले काटे कागदात गुंडाळले, तळ्यात टाकले, आणि घरी येऊन खांद्यापर्यंत हात घासले.

बोलल्याप्रमाणे वागले मी. रोज दुपारी डबे गेले की मागच्या ओट्यावर केळीच्या पानात एक तुकडी ठेवायची, दार लावायचं आणि आत देवाचं नाव घेत बसायचं. थोड्या वेळानं दार उघडलं की पान साफ, काटे ओळीनं. ते काटे कोमट असायचे हो. आत्ताच कुणाच्या तोंडातून निघाल्यासारखे. यांनी एकदाच विचारलं, "अगं, हे कुणासाठी?" मी म्हटलं, "डबा लावलाय एकीनं. तुम्हाला पोचवावा लागत नाही, तेवढं नशीब समजा." त्यानंतर त्यांनी मागच्या दारी पाऊल टाकलं नाही. माझं स्वतःचं जेवण अर्ध्यावर आलं. मासळी चिरताना मळमळायचं. पण तिकडे तृणाचा डबा रिकामा येत होता, घासलेला, आणि पोट दिसामासानं वाढत होतं. दोन घास कमी खाल्ल्यानं मी काही मरत नाही.

वैशाखात ती बाळंत झाली. मुलगी. लहानखुरी, पण धडधाकट. निशीथ पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला. बाळाला तेल लावायला, न्हाऊ घालायला त्यानं पारुल नावाची आया ठेवली. मीही जाऊन बघून आले. त्या घरात कापराचा वास नव्हता, ओल्या पातळाचा नव्हता. बाळाच्या टाळूचा गोड वास तेवढा होता. मी मनातून हात जोडले.

मग पाऊस धरला आणि बाजारात नवा इलिश आला. म्हटलं, मोसमातला पहिला आहे, माशिमांचाच मान. मोहरीत शिजवला, पेटीची तुकडी पानावर ठेवली आणि दार लावलं.

उघडलं तर तुकडी तशीच. म्हटलं, उशीर झाला असेल. संध्याकाळपर्यंत तशीच. त्यावर मुंगी नाही, माशी नाही. दुसऱ्या दिवशी ताजी ठेवली, तीही तशीच. तिसऱ्या दिवशीही. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी ओटा धुतला, त्यावर रांगोळी घातली. सुटली बिचारी, म्हटलं. नातीचं तोंड बघितलं, जीव शांत झाला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

परवा, माझी चूल शेवटची पेटली त्या दिवशी, सकाळी निशीथ गाडी गाठायला जाताना रिकामा डबा द्यायला थांबला. तोंड उतरलेलं.

"काय रे? बाळ बरं आहे ना?"

"वजन भरत नाही, काकीमा. डॉक्टर विचारतात, दूध पुरतं का. तृणा म्हणते, पुरतं म्हणजे काय, दुपारी तर सोडतच नाही. ओढून ओढून पिते, तिच्यात त्राण उरत नाही. मग रात्री बाळासाठी थेंब राहत नाही..."

त्याच्या गाडीची घोषणा झाली आणि तो पळाला. मी आत येऊन तांदूळ धुतले, भात चढवला, डाळीला फोडणी दिली. हात चालत होते. उन्हं डोक्यावर आली, हे डबे घेऊन गेले, आणि मी मागच्या ओट्यावर पुन्हा पान ठेवायला वाकले ते वाकलेलीच राहिले. पान तिथेच टाकलं, चपला घातल्या आणि निघाले. धावतच म्हणा ना.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सान्यालांच्या व्हरांड्यात पारुल चटईवर पाय पसरून बसली होती. तिच्या पायांवर बाळ पालथं. पाठीवर तेल चमकत होतं आणि बरगड्या मोजता येत होत्या. स्वतःची मूठ तोंडात घालून चोखत होतं.

"भूक लागलीय हिला," पारुल म्हणाली. "मघापासून इथेच आहे माझ्याजवळ. ताई उठल्या की देते प्यायला."

मी आत गेले. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पडदे ओढलेले. तृणा कुशीवर झोपली होती, भिंतीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड. डोळे मिटलेले. छातीवरून पदर घेतलेला, आणि एका हातानं ती पदराखाली कुशीत धरलेल्या कशाला तरी हळूहळू थोपटत होती. पदर मधेच ताणला जायचा, मधेच सैल पडायचा. घुटके ऐकू येत होते. सावकाश, समाधानाचे घुटके.

"तृणा," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. गुंगीतच ओठांवर बोट ठेवलं. "शू... काकीमा, हळू. आत्ता कुठे शांत पिते आहे."

बाहेर व्हरांड्यात बाळानं भुकेनं टाहो फोडला.

तृणाचं थोपटणं थांबलं नाही. कपाळाला मात्र बारीकशी आठी पडली.

"काकीमा," तिनं विचारलं, "कुणाचं बाळ रडतंय?"